हात वर होत नाही, तेव्हा साखरही बघा

बाईचा खांदा आखडलाय हे घरात सगळ्यांत शेवटी कळतं. त्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. वेणी घालताना हात मागे जात नाही, म्हणून ती सैलसर अंबाडा बांधायला लागते. आतल्या कपड्याचा मागचा हुक लागत नाही, म्हणून तो पुढे लावून फिरवून घेते. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून ओट्यावर उतरतात. दोरीवर कपडे टाकायला मुलीला हाक मारली जाते. पदर दुसऱ्या हातानं खांद्यावर घेतला जातो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, पण ते सांगायचं कुणाला? कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही हो, जरा वात धरलाय."

मैत्रिणींनो, आज या वात धरण्याबद्दलच बोलायचं आहे. बचत गटांच्या निमित्तानं गावोगावी फिरताना हे दुखणं मी इतक्या जणींकडे पाहते, की त्याला किरकोळ म्हणायला मन धजत नाही. त्यातल्या बऱ्याच जणींच्या पिशवीत साखरेच्या गोळ्याही असतात. गोळ्या एका डॉक्टरांच्या आणि खांद्याला तेल शेजारणीनं सांगितलेलं. या दोन दुखण्यांचं एकमेकांशी काही नातं असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. नातं मात्र आहे, आणि चांगलंच जवळचं आहे.

डॉक्टर ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात तो हा आजार. हे नाव अर्न्स्ट कॉडमन या अमेरिकन सर्जननं १९३४ साली दिलं. जपानी भाषेत त्याला चक्क 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. ते नाव अगदी बरोबर आहे, कारण चाळीस ते साठ या वयातच तो जास्त होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना तो होतो असं मानतात. मधुमेह असलेल्यांत मात्र हे प्रमाण शंभरात दहापासून वीसपर्यंत सांगितलं जातं. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यात मधुमेहींमध्ये ते तेरा टक्क्यांच्या पुढे निघालं, म्हणजे इतरांच्या सुमारे पाचपट. त्याच हिशेबात उलट बाजूही दिसली. खांदा आखडलेल्या दर दहा माणसांत साधारण तिघांना मधुमेह होता.

आता हे आकडे आपल्या घरापर्यंत आणून बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभरातला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सगळ्यांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आहे. त्यातल्या कितीतरी बायकांना आपल्याला साखर आहे हेच माहीत नसतं. अशा बाईला पहिली खूण कधी कधी खांदाच देतो. म्हणून कुठलाही मार न लागता खांदा आखडायला लागला, तर त्याच आठवड्यात साखर तपासून घ्यावी. थायरॉइडच्या बिघाडाशीही या दुखण्याचा संबंध आहे, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तर तीही तपासणी करावी.

साखरेचा आणि खांद्याचा संबंध येतो कुठून? आपल्या खांद्याचा सांधा म्हणजे उथळ खोबणीत बसलेला गोळा. त्याच्याभोवती एक सैलसर पिशवी असते. हात खाली असतो तेव्हा तिची काखेकडची बाजू चुणी पडल्यासारखी सैल असते. हात वर गेला की ती चुणी उलगडते. शिवणकाम येणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. बाहीला बगलेत थोडं जास्तीचं कापड ठेवलं नाही, तर हात वर करताना ब्लाउज ओढतो. अगदी तसंच आहे हे. ही पिशवी ज्या धाग्यांची बनलेली असते, त्यांना रक्तातली जास्तीची साखर वर्षानुवर्षं चिकटत जाते. धागे एकमेकांत गुंतून ताठ होतात, त्यांची लवचिकता जाते. त्यात आतून सूज आली की पिशवी जाड होते आणि धुतलेल्या कोऱ्या कापडासारखी आटते. मग हात कुणी कितीही जोर लावून उचलला तरी वर जात नाही. एक्स-रे काढला तर बहुतेक वेळा त्यात काहीच दिसत नाही, कारण हाड चांगलं असतं आणि आटलेली पिशवी एक्स-रेत दिसत नाही. "फोटोत काही नाही, म्हणजे हिचं नाटक आहे," असं म्हणणाऱ्या घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

हे दुखणं तीन टप्प्यांनी चालतं. पहिले काही महिने ठणक फार असते, रात्री जास्त. मग ठणक कमी होते पण हात अडकून बसतो. त्यानंतर हळूहळू तो सुटायला लागतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. "आपोआप बरं होतं" असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. मधुमेह असलेल्या बाईला सुटायला जास्त वेळ लागतो, कधी थोडा आखडलेपणा उरतो आणि पुढेमागे दुसरा खांदाही धरण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पाण्याचा हंडा, कणकेची परात, कडेवरचं नातवंड, शेतातली खुरपणी हे सगळं जिच्या हातावर आहे, तिनं तीन वर्षं वाट बघायची म्हणजे काय, याचा विचार कुणी करायचा?

आपल्याकडे या दुखण्यावर पहिला इलाज असतो मालिश. हलक्या हातानं तेल लावलं तर स्नायूंना बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हात ओढण्याला. बाजाराच्या दिवशी बसणारा कुणीतरी किंवा नात्यातलाच एखादा जाणकार समजला जाणारा माणूस बाईला खाली बसवतो, खांद्यावर गुडघा ठेवतो आणि हात हिसक्यानं वर नेतो. "कट्ट वाजलं की सुटलं" ही समजूत फार धोक्याची आहे. आटलेला ब्लाउज ओढून घातला तर शिवण उसवते. इथं शिवणीच्या जागी स्नायूंचे बंध असतात, आणि पन्नाशीनंतर ठिसूळ झालेलं हाडही असतं. हिसका दिल्यावर सूज वाढते आणि पहिल्या टप्प्यातली ठणक आणखी लांबते.

मग फिजिओथेरपिस्ट वेगळं काय करतात? तेही हातच लावतात, पण त्या हाताची रीत निराळी असते. बाईला उताणं झोपवतात, हाताला आधार देऊन तो सैल सोडायला सांगतात. एका हातानं खांद्याचं पातं स्थिर धरतात आणि दुसरा हात दंडावर, सांध्याच्या अगदी जवळ ठेवतात. मग सांध्यातला गोळा खोबणीत जरासा खाली किंवा मागे सरकवतात. हे सरकवणं इतकं बारीक असतं की बघणाऱ्याला वाटावं, हे काही करतच नाहीत. पण हात वर करताना गोळा आत खाली सरकावा लागतो. ते सरकणंच बंद झालेलं असतं आणि तेच परत शिकवायचं असतं. बाहेरून हाताचा पंजा धरून ओढल्यानं ते होत नाही.

या हातांच्या उपचाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. जेफ्री मेटलंड या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टनं त्यांचे चार दर्जे सांगितले. पहिले दोन अगदी हलके, ठणक कमी करण्यासाठी. पुढचे दोन सांध्याच्या अडकलेल्या टोकापर्यंत जाणारे, पिशवी ताणण्यासाठी. ठणक जोरात असताना पहिले दोन आणि ती ओसरली की पुढचे, असा साधारण क्रम असतो. ज्यांना हा क्रम कळतो तेच खरे हात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की हात बाहेरच्या बाजूला वळावा म्हणून गोळा पुढे सरकवण्यापेक्षा मागे सरकवल्यावर जास्त फायदा झाला. म्हणजे वरवर उलटं वाटणारं काम सुलट ठरलं. असली गोष्ट अंदाजानं जमत नाही, त्यासाठी शिकावं लागतं.

पण याचा अर्थ जितकं जास्त दाबून घ्यावं तितकं चांगलं, असाही नाही. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना दुखेल इतका जोरकस व्यायाम आणि ताण दिला. बाकीच्यांना नीट समजावून, सोसेल तेवढीच हालचाल करायला सांगितली. दोन वर्षांनी बघितलं तर हळू चाललेल्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता, जोरकस उपचारवाल्यांपैकी ६३ टक्क्यांचा. तेव्हा "दुखल्याशिवाय सुटत नाही" असं म्हणून कुणी रडू येईपर्यंत हात दाबत असेल, तर त्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. थोडा ताण जाणवणं ठीक. पण उपचारानंतरची ठणक दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर जोर जास्त झाला असं समजून पुढच्या वेळी तसं सांगायचं.

इंजेक्शनबद्दलही बायका नेहमी विचारतात. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं पहिल्या काही आठवड्यांत ठणक लवकर उतरते आणि मग व्यायाम करणं सोपं जातं, हे खरं आहे. पण मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस रक्तातली साखर वाढू शकते. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आपल्याला साखर आहे हे आधीच सांगा आणि त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासा. भूल देऊन हात मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून पिशवी सोडवणं असेही उपाय आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२० साली आला. इंजेक्शनसह बारा आठवड्यांत जास्तीत जास्त बारा वेळा फिजिओथेरपी, भूल देऊन हात सोडवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया अशा तिन्हींची तुलना त्यात केली होती. वर्षाच्या शेवटी यातला कुठलाच उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. आपल्यासारख्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. बहुतेक जणींना मोठ्या खर्चाकडे थेट धावायची गरज नाही. आधी साध्या मार्गानं पूर्ण प्रयत्न करायला हवा, अर्धवट नव्हे.

साखर असलेल्या बाईनं या उपचारात काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळाव्यात. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, उपाशीपोटी व्यायामाला जाऊ नये. साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. पिशवीत थोडी साखर किंवा ग्लुकोज असू द्यावं. शेक घेताना पिशवी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणालातरी हात लावून बघायला सांगावं. जुन्या मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असेल तर चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त शेक नको. आणि साखरेच्या गोळ्या, जेवणाच्या वेळा, चालणं हे खांद्याच्या नादात सोडून द्यायचं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं करून घ्यावी.

घरी करायचे व्यायाम अगदी आपल्या स्वयंपाकघरातले आहेत. चांगला हात ओट्यावर टेकवून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा झुलवायचा. भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथपर्यंत गेलं तिथे पेन्सिलनं खूण करायची. लांब लाटणं किंवा काठी दोन्ही हातांत आडवी धरून, कोपर कमरेला चिकटवून, चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला बाहेरच्या बाजूला हळूच ढकलायचं. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं. पण यातलं कुठलं आणि किती, ते एकदा फिजिओथेरपिस्टना दाखवूनच ठरवावं. फिजिओथेरपिस्टचे हात आठवड्यातून एक-दोनदाच लागणार, बाकीचे दिवस आपलेच हात.

प्रत्येक खांदेदुखी आखडलेल्या खांद्याची नसते, हेही लक्षात असू द्या. पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, ताप येऊन सांधा लाल-गरम झाला असेल, काखेत किंवा स्तनात गाठ लागत असेल, तर आधी डॉक्टर. आणि डाव्या खांद्यात एकाएकी दुखून छाती भरून आली, दरदरून घाम आला, दम लागला, मळमळलं, तर तेल चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. साखर असलेल्या बाईला हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत फारसं न दुखताही येतो.

आता थोडं परवडण्याबद्दल. गावात फिजिओथेरपिस्ट नसतात. तालुक्याला जायचं म्हणजे एसटी, अर्धा दिवस, रोजगार बुडणार, आणि घरचं कुणी बघायचं? म्हणून पहिल्या दोन खेपा होतात, तिसऱ्या वेळी पाहुणे येतात, चौथ्या वेळी परीक्षा असते आणि उपचार सुटतो. घरातल्या पुरुषाचा खांदा आखडला तर त्याच घरातून गाडी काढली जाते, वेळ काढला जातो. बाईच्या खांद्याला मात्र "बघू सणानंतर". घरातली कामं तिच्या हातानं चालतात, तर त्या हातासाठी तीन महिने घरानं थोडी कळ सोसायला काय हरकत आहे? हंडा मुलानं उचलावा, धुणं नवऱ्यानं दोरीवर टाकावं. तिला आराम द्या असं मी म्हणत नाही. खांदा हलता ठेवायचाच आहे, फक्त ओझं आणि हिसका टाळायचा आहे.

फिजिओथेरपिस्ट निवडताना त्यांचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात त्यासाठी २००२ चा कायदा आहे आणि राज्य परिषदेत नोंदणी करावी लागते. देशपातळीवरही २०२१ साली कायदा झाला आहे. आठ दिवसांचा मसाजचा वर्ग केलेला आणि चार-पाच वर्षं शिकून आलेला सारखा नव्हे. उपचाराला जाताना सैल बाहीचा गाऊन किंवा कुडता घालावा. खांदा उघडा करावा लागेल म्हणून संकोच वाटत असेल तर सोबतीण आत बसू द्या असं सांगावं. काय करणार ते आधी विचारावं. चांगले उपचार करणारे हे सगळं न विचारताच सांगतात.

सरकारकडेही मागणं आहे. तिशी ओलांडलेल्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे, तिचा फायदा जरूर घ्यावा. पण साखर सापडल्यावर डोळे, पाय, मूत्रपिंड यांच्या यादीत खांदा आणि हात यांची साधी पाहणीही यायला हवी. जिल्हा रुग्णालयापर्यंत अडकलेली फिजिओथेरपी ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक ठरावीक दिवस जरी मिळाली, तरी कितीतरी हात वेळेत सुटतील. ग्रामसभेत पाण्याचा आणि रस्त्याचा विषय निघतो, तसा हाही निघू द्या.

आणि एक काम आपल्या हातातलं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की पाच मिनिटं काढा. सगळ्यांनी दोन्ही हात कानांजवळून वर करायचे. मग कोपर कमरेला चिकटवून हात दारासारखे बाहेर उघडायचे. शेवटी नमस्कार करायचा आणि बोटं, तळवे पूर्ण चिकटतात का ते बघायचं. मधुमेहात हाताचे सांधे ताठ झाले तर तळव्यांमध्ये फट राहते, आणि अशा हातांच्या बाईचा खांदाही धरण्याची शक्यता असते. एक हात मागे पडला किंवा नमस्कारात फट दिसली, तर तिचं नाव वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तिच्याबरोबर साखर तपासायला जा. एकटीला पाठवू नका, ती जाणार नाही.